वही कोरीच परत येते: सीबीटीमधलं घरचं काम कुठं अडतं आणि कसं सोडवायचं

पहिल्या भेटीत माणूस मोकळेपणानं बोलतो, "करतो ना मॅडम" म्हणतो, वही घेऊन जातो. पुढच्या भेटीला वही कोरी येते, किंवा "घरीच राहिली जी" असं उत्तर येतं. त्याच्या पुढच्या भेटीला माणूसच येत नाही. ग्रामीण रुग्णालयात, आरोग्य केंद्रात, गावातल्या शिबिरात समुपदेशन करणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकते, आणि तिच्या मागोमाग येणारं वाक्यही: "इकडच्या लोकांना हे सीबीटी-बिबीटी झेपत नाही." यवतमाळ-वर्ध्याच्या खेड्यांतल्या कामावरून सांगते, हे वाक्य खरं नाही. काम ज्या रीतीनं दिलं जातं तिथं ते अडतं, आणि ती रीत बदलता येते.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीत, म्हणजे सीबीटीत, दोन भेटींच्या मधे माणसानं घरी काहीतरी ठरवून करायचं असतं. मनात येणारे विचार टिपायचे, सुटलेलं एखादं काम पुन्हा धरायचं, ज्या जागेची भीती बसलीय तिथं हळूहळू जायचं, किंवा "असं केलं तर असं होईल" हा आपलाच अंदाज खरा ठरतो का ते करून पाहायचं. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात फिलाडेल्फियात ही पद्धत घडवली, तेव्हापासून घरचं काम तिच्या गाभ्यात आहे. आपल्याकडे माणूस महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी अर्धा-पाऊण तास समोर बसतो. बाकी सगळा वेळ तो घरी, वावरात, बाजारात असतो आणि त्रासही त्याला तिथंच होतो. कझान्त्झिस या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 27 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा घरचं काम असलेल्या उपचाराचा गुण जास्त दिसला आणि जे काम करतात ते जास्त सुधारतात असंही दिसलं. ज्याला थोडं बरं वाटू लागलंय तोच जास्त करू शकतो, हेही त्या आकड्यांत मिसळलेलं असणार. तरी घरच्या कामाशिवाय सीबीटी म्हणजे नुसत्या गप्पा उरतात, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि "झेपत नाही" म्हणणाऱ्यांसाठी: गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. भर होता सुटलेली कामं पुन्हा सुरू करण्यावर, म्हणजे घरच्या कामावरच. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी त्या रुग्णांचं नैराश्य इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला, तिथंही गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनीच लोकांना उपचारापर्यंत आणलं. खेड्यातला माणूस हे करू शकतो.

काम देण्याआधी

काही वेळा वही कोरी येण्याचं कारण वहीत नसतंच. जगणं नको वाटतंय का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उत्तर "हो" असेल तर विचारांचे तक्ते (घटना, विचार आणि भावना असे तीन रकाने भरायचे कागद) बाजूला ठेवा. त्या दिवशीचं घरचं काम घरच्यांना द्यायचं: फवारणीचं औषध घरातून आणि वावरातल्या झोपडीतून आजच हलवायचं, दुसऱ्याच्या ताब्यात कुलूपबंद ठेवायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत चालतो, तो घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये तिथंच सेव्ह करून द्या.

नैराश्य फार खोल असेल, माणूस जेवत नसेल, उठतच नसेल, तर आधी गोळ्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, तोवर घरचं काम अगदी किरकोळ ठेवा. दारू रोजची असेल तर तिचं आधी बघावं लागतं. आणि धडधड, थकवा, चक्कर घेऊन आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासल्याशिवाय "टेन्शन आहे" म्हणू नका. आपल्या भागात रक्तक्षय किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे.

वही कोरी आली

बहुतेक वेळा काम मोघम असतं, नाहीतर झेपण्यापलीकडचं असतं. "डायरी लिहा", "फिरायला जात जा", "मन रमवा" ही कामं नव्हेत. सकाळी उठल्यावर नेमकं काय करायचं ते माणसाला त्यातून कळत नाही.

एक उदाहरण सविस्तर देते, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून. पन्नाशीतले कास्तकार, पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. बोंडअळीनं पीक गेलं तेव्हापासून वावरात जाणंच सोडलेलं. दिवसभर ओसरीवर बाजेवर पडून. एका शिबिरात त्यांना वही मिळाली होती: रोज मनातले तीन विचार लिहा. शिक्षण चौथीपर्यंत, पेन हातात धरून वर्षं लोटलेली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पेन हातात घेतेत अन् तसेच बसून रायतेत." पुढं त्यांना वही पाहिली की अपराधी वाटू लागलं. आधीच "मी काहीच कामाचा नाही" असं घोकणाऱ्या माणसाच्या हातात त्याचा आणखी एक पुरावा दिल्यासारखं ते झालं.

वही बंद केली. नवं काम ठरलं: सकाळचा चहा झाला की आपल्या वावराच्या धुऱ्यापर्यंत जायचं, उभं राहायचं, परत यायचं. काम करायचं नाही.

"काम नाई कराचं त जाऊन काय फायदा?" असं त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न आला हे फार चांगलं झालं. कारण समजल्याशिवाय दिलेलं काम पाळलं जात नाही. त्यांना सांगितलं, "काकाजी, मन लागलं की उठीन असं तुम्ही म्हणता. या आजारात ते उलटं चालते. आधी पाय उठतात, मन मागून येते. खरं आहे की नाही ते आपल्याला पाहायचं आहे." मग बारीकसारीक प्रश्न. चहा किती वाजता होतो? कोणत्या रस्त्यानं जाणार, पांदणीनं की गावातून? रस्त्यात कोणी "कुठं चालले भाऊ?" विचारलं तर काय सांगणार? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पानी किती साचलं ते पाहाले चाललो म्हनीन." हे उत्तर आधी तयार नसतं तर पहिल्याच दिवशी ते चौकातून परत फिरले असते. आपल्या गावांत लोकांच्या त्या एका प्रश्नापायी कित्येक कामं मोडतात.

शेवटी विचारलं, हे होईल याची खात्री दहापैकी किती? त्यांनी चार बोटं वर केली. इथं थांबायचं असतं. नऊ बोटं वर होत नाहीत तोवर काम लहान करत न्यायचं, "करून तर पाहा" असा आग्रह धरायचा नाही. धुरा सोडला, गावाबाहेरच्या मारुतीच्या देवळापर्यंत ठरवलं. बोटं नऊ झाली.

नोंदीसाठी गोठ्याची भिंत आणि कोळसा. गेलं की एक रेघ. परत आल्यावर जीव थोडा हलका वाटला तर रेघ तिरपी, तसाच जड असेल तर उभी. नाही गेलं तर काही नाही. पुढच्या भेटीत त्यांनी आठवून सांगितलं की बऱ्याच रेघा उभ्याच होत्या, थोड्या तिरप्या. तिरप्या कोणत्या दिवशी, असं विचारल्यावर त्यांचं त्यांनाच लक्षात आलं: शेजारचा भाऊ सोबत चालला होता ते दिवस. पुढचं काम त्यातूनच निघालं. धुऱ्यापर्यंत जायचं, त्या भावाला हाक मारून.

त्या रेघांनी तीन स्तंभांच्या तक्त्याचंच काम केलं. लिहिणं हे सीबीटीचं साधन आहे, अट नव्हे.

वही घरात वाचली जाते

शहरी पुस्तकांत या अडचणीला फारशी जागा नसते, आपल्याकडे ती मोठी आहे. ज्या घरात बाईला स्वतःची पेटीसुद्धा नाही, तिथं "मनातलं सगळं लिहा" हे सांगणं धोक्याचं आहे.

कापूस वेचायला जाणारी, दोन लेकरांची आई. एकदा भरलेल्या एसटीत तिची छाती धडधडली, हातपाय गार पडले, आता मरतो असं वाटलं. ईसीजी व्यवस्थित निघाला, रक्त कमी होतं त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पण त्यानंतर एसटी सुटली, मग आठवडी बाजार सुटला, मग एकटीनं विहिरीवर जाणंही. घरात "बाहेरचं लागलं" अशी चर्चा. तिनं वहीत सासूबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. ते पान दिराच्या हाती लागलं आणि संध्याकाळी ओसरीवर मोठ्यानं वाचलं गेलं. पुढं तिनं एक अक्षर लिहिलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

तिच्यासाठी काडीपेटी आणि तुरीचे दाणे. चुलीजवळ काडीपेटी असली तर कोणी काही विचारत नाही. ठरलेल्या जागी गेली आणि धडधड उतरेपर्यंत थांबली की एक दाणा आत. आधीच निघून आली तर दाणा नाही, पण त्यावर बोलणंही नाही. पायऱ्या अशा: फाट्यावर एक गाडी सुटेपर्यंत उभं राहायचं, शेजारणीसोबत पुढच्या गावापर्यंत जायचं, मग एकटीनं, मग बाजार, तोही गर्दीच्या वेळी.

इथं दुसरी अडचण येते, आणि तिच्यावर पुष्कळ उपचार मोडतात. माणूस सांगतो, "गेलो होतो, पन भेव तसंच हाय." अशा वेळी पायरी बदलण्याआधी सोबत काय नेलं होतं ते विचारा. हिच्या मुठीत लिंबू होतं, आणि दुसऱ्या हातात शेजारणीचा हात. गाडीतून सुखरूप उतरल्यावर मन काय शिकलं? लिंबामुळं वाचलो. म्हणून पुढच्या खेपेला लिंबू घरी ठेवणं एवढंच घरचं काम होतं, अंतर तेवढंच. आणि निघण्याआधी आपला अंदाज शेजारणीला बोलून दाखवायचा: "मी चक्कर येऊन पडीन." परत आल्यावर काय झालं ते तिलाच सांगायचं. धडधड झाली, घाम आला, पडली मात्र नाही. अंदाज आणि घडलेलं शेजारी-शेजारी आलं की भीती सैल होऊ लागते. नुसतं जाऊन येण्यात ते होत नाही.

ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे त्यांना आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो. पण फोन बहुधा घरातल्या पोट्ट्यांच्या हातात असतो, म्हणून भेटीत ऐकून झालं की तिथंच पुसून टाका.

विचारांचा तक्ता भरतो, पण उपयोग होत नाही

तक्ता मागवून पाहा. "विचार" या रकान्यात घटना लिहिलेली सापडेल: सोयाबीनचा भाव पडला. ही बातमी झाली. भाव ऐकला त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, हे विचारा. "आता पोरीचं लगन होत नाई. बाप म्हनून मी फेल." हा विचार. तो त्यांच्या बोलीत, जसा आला तसा लिहिला गेला पाहिजे. प्रमाणभाषेत उतरवला की त्यातली आच जाते आणि तपासायला काही उरत नाही. भावनेचा रकाना तर कित्येकांना सुचतच नाही. तिथं अंगापासून सुरुवात करा. "छातीत दाटून येते", "डोकं भनभन करते" हे सगळ्यांना सांगता येतं, आणि त्यावरून दुःख की भीती की राग इथपर्यंत पोचता येतं.

आता ज्या मुद्द्यावर माझं सगळ्यांशी भांडण आहे तो. कर्ज हा विचारातला दोष नाही. कास्तकाराच्या डोक्यावर खरोखर कर्ज आहे, पाऊस खरोखर दगा देतो. त्याला "हा विचार कितपत खरा आहे ते तपासा" म्हटलं की तो मनातून उठून जातो, वही कोरी राहते, आणि मी त्याच्या जागी असते तरी कोरीच ठेवली असती. त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या आधी वेगळ्या करा. "दीड लाख देणं आहे" हे खरं आहे. "म्हणून मी मेलेलाच बरा, घरचे सुटतील" हा मनानं काढलेला निष्कर्ष आहे.

खऱ्या अडचणीला खऱ्या अडचणीचं घरचं काम द्यायचं. एका पानावर फक्त देणं लिहायचं: बँक, सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, सावकार, पाहुण्यांचे हातउसने. पुष्कळांनी हे कधीच एकत्र मांडलेलं नसतं. मनात तो आकडा रोज वाढत असतो, कागदावर तो एका जागी थांबतो. पुढच्या आठवड्यात एकच फेरी: सोसायटीच्या गटसचिवाकडे किंवा बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारायचं. सोबत कोण जाणार आणि तिथं पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हे आपल्यासमोर म्हणवून घ्या.

निष्कर्षाचा तक्ता त्यानंतर. पर्यायी विचार म्हणून "सगळं चांगलं होईल" लिहून देऊ नका. ते खोटं आहे आणि त्यालाही कळतं. "यंदा देणं फिटणार नाही. पोरीची फी मी भरली, बैल विकले नाहीत. मी गेलो तर देणं बायकोच्या डोक्यावर येईल" असा विचार त्याच्याच तोंडून निघाला तर तो टिकतो, कारण त्यातला शब्दन् शब्द त्याला माहीत असलेला आहे.

एकाच शाईत भरलेली वही

सगळी पानं एका बैठकीत, बहुधा एसटीत येताना भरलेली. हे लगेच ओळखू येतं. रागावू नका, पकडूही नका. हा माणूस आपल्याला वाईट वाटू नये म्हणून धडपडलाय. "यातला कालचा दिवस मला सांगा" एवढंच म्हणा आणि तोंडी काम करा. नंतर नोंद आठवड्यातून दोनच दिवसांची ठेवा.

दिलेलं काम आपणच विचारत नाही

बाहेर रांग असते, नवीन तक्रार समोर येते, आणि मागचं काम विचारायचं राहून जातं. माणूस त्यातून शिकतो की हे महत्त्वाचं नव्हतं. म्हणून बसल्याबसल्या पहिला विषय तोच. झालं असेल तर काय कळलं, नसेल तर कुठं अडलं. "का नाही केलं?" विचारू नका, त्याला एकच उत्तर येतं, "कामाच्या गडबडीत राहून गेलं जी." "करायचं मनात आलं होतं का? तेव्हा काय झालं?" असं विचारा. तिथं बहुधा एक वाक्य सापडतं, "माझ्यानं काय होते?", आणि आजारालाही तेच वाक्य धरून ठेवत असतं. त्या दिवशी त्यावरच काम करा. तसंच काम शेवटच्या दोन मिनिटांत, माणूस चप्पल घालत असताना देऊ नका. वेळ कमी असेल तर बाकीचं बोलणं आवरा. केसपेपरवर दिलेलं काम एका ओळीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी खुर्चीत दुसरं कोणी असेल तरी ते विचारतील.

हंगाम

मृगाचा पाऊस पडला की पेरणी, मग डवरणी-निंदण, दिवाळीच्या आगेमागे वेचणी. या दिवसांत मजुरी बुडवून कोणी भेटीला येत नाही आणि येऊ नये. तेव्हा वेगळं काम देण्यापेक्षा चालू कामातच ते बसवा. निंदताना पहिल्या तासाला एकटं न राहता बायांच्या ओळीत राहायचं. वेचणीत दुपारची भाकर उठून सगळ्यांसोबत खायची. भेट लांबणार असेल तर मधे एक दुवा हवा: आशाताईंनी दारावरून जाताना विचारणं, किंवा ठरलेल्या दिवशी रुग्णानं दिलेला मिस्ड कॉल. एक मिस्ड कॉल म्हणजे झालं, दोन म्हणजे अडलंय, मला फोन करा. रुग्णाला खर्च शून्य. मात्र आशाताईंना काय सांगायचं आणि काय नाही, हे आधी रुग्णाला विचारून ठरवा, त्या त्याच गावच्या असतात.

बरं वाटलं की काम सुटतं

सुटू द्या, रोजचं काम जन्मभर करायचं नसतं. पण शेवटच्या दोन भेटींत एक पान तयार करा. त्यावर माणसाची स्वतःची पहिली लक्षणं असतील: झोप पहाटे तीनला उघडणं, सणाला न जाणं, फोन न उचलणं. त्याखाली, कोणत्या कामानं गुण आला होता. त्याखाली, कोणाला सांगायचं आणि 14416. वाचता येत नसेल तर घरातल्या एका माणसाला तोंडपाठ करून द्या. आणि पेरणी, पीककर्जाच्या वसुलीचे दिवस, पाऊस लांबलेला आठवडा, घरात लग्न ठरणं, या वेळांना ते पान काढायचंच असं आधीच ठरवून ठेवा, लक्षण दिसो वा न दिसो. ज्या कास्तकारांबद्दल वर लिहिलं, त्यांचं पान पत्नीनं कोठीच्या दाराला आतून डकवलं आहे. पेरणीचं बियाणं काढायला दार उघडलं की ते दिसतं.